खाणीत बोलायचं नाही!

नाताळच्या सुट्टीत घरच्यांबरोबर खेळायला बैठा खेळ कसा निवडावा, यावर मी एक छोटंसं व्याख्यान देऊ शकते. म्हणजे, देऊ शकले असते. पंचवीस डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत!

लोक दुकानात जातात, खोक्यावरचं चित्र बघतात आणि खेळ उचलून घरी आणतात. ही काय पद्धत झाली? मी पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी आहे. प्रयोग मांडण्याआधी काय काय बिघडू शकतं ते शोधायचं, एकेक करून ते काढून टाकायचं, मग जे उरेल त्यात काही बिघडूच शकत नाही. इतकं सोपं आहे!

आमच्या घराला न बिघडणाऱ्या खेळाची गरज इतरांपेक्षा जरा जास्त होती. कारण माझे बाबा, गेर्नोट, आणि त्यांचे धाकटे भाऊ एकहार्टकाका गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जमिनीवरून नाही, घराच्या वाटणीवरून नाही. एका लाकडी सोंगटीवरून!

आमच्याकडे नाताळात घरोघरी फाशांचा एक खेळ मांडला जातो. चार रंगांच्या सोंगट्या, फासा टाकायचा, गोल फिरून आपल्या घरात शिरायचं आणि वाटेत दुसऱ्याची सोंगटी सापडली की ती मारायची. खेळाचं नावच मुळी ‘रागावू नकोस, गड्या!’ असं आहे. ज्या खेळाला स्वतःच्या नावातच हात जोडावे लागतात, तो लोक घरात का आणतात, हे मला कधी कळलेलं नाही.

आमच्या कुटुंबात या खेळात मारायची सक्ती आहे. समोरची सोंगटी मारता येत असेल तर मारलीच पाहिजे. नाही मारली तर तुमची सोंगटी बाद. सहा वर्षांपूर्वी काकांची शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी आली होती आणि बाबांना ती मारता येत होती. पण नाताळ आहे, धाकटा भाऊ आहे, असा विचार करून बाबांनी ती सोडून दिली.

“मारली नाहीस!” काका ओरडले. “तुझी सोंगटी बाद!”

“अरे, मी तुझ्यावर दया केली!”

“मला दया नको. नियमाप्रमाणे मार!”

“नाही मारणार!”

“मार म्हणतो ना!”

शेवटी काका उठले, कोट चढवला आणि ताटातलं बटाट्याचं सॅलड तसंच टाकून थेट लाइपझिगला निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

या वर्षी माझ्या आईनं, कारोलानं, फोन करकरून त्यांना यायला कबूल करवलं. काका म्हणाले, “येतो. पण फासा दिसला की मी निघालो.” आई माझ्याकडे आली.

“तबेया, खेळ तू निवडायचास. हे दोघे साठीला आलेत. आता बिनसलं तर पुढच्या वेळी एका टेबलावर बसतील ते कोणाच्या तरी दफनानंतरच्या कॉफीलाच!”

“काळजी करू नकोस,” मी म्हणाले. “हे शास्त्र आहे.”

तालुक्याच्या गावातल्या खेळण्यांच्या दुकानात मी सकाळीच हजर झाले.

“फाशांचं काही दाखवू?” दुकानदारानं विचारलं.

“फासा नको.”

“पत्ते?”

“काका पडलेले पत्ते लक्षात ठेवतात आणि मोठ्यानं सांगतात.”

“सामान्य ज्ञानाचा खेळ?”

“बाबा भूगोलाचे मास्तर होते. खोक्यातली उत्तरं चुकीची आहेत म्हणून ते कंपनीला पत्र लिहितात.”

“मग तुम्हाला हवंय तरी काय?”

“ज्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, कोणी कोणाला मारत नाही आणि शक्यतो कोणी बोलत नाही, असा खेळ.”

“बाई,” तो म्हणाला, “त्याला झोप म्हणतात.”

पण माणूस कसलेला होता. आतल्या फळीवरची धूळ झटकून त्यानं एक खोका आणला. ‘अंधारी खाण’! मी तिथंच उभ्या उभ्या नियम वाचले आणि मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. लाकडी पटावर खाणीचे बोगदे. आत अडकलेले छोटे लाकडी कामगार. पिशवीतून चकती काढायची, तिच्यावरच्या आकड्याइतका कामगार पुढे न्यायचा आणि मधली मेणबत्ती विझायच्या आत सगळ्यांनी मिळून सगळ्यांना बाहेर काढायचं. खोलीत दुसरा कुठलाही उजेड चालणार नाही. आणि बोलायचं नाही! आवाजानं खाणीत दरड कोसळते, म्हणून खोलीत उच्चारलेल्या प्रत्येक शब्दामागे बोगद्यात एक दगड ठेवायचा.

सहा वर्षं न बोलणाऱ्या दोन भावांसाठी याहून चांगला खेळ जगात असू शकतो का? तुम्हीच सांगा!

पंचवीस तारखेला दुपारी काका आले. दोघे भाऊ दारात एकमेकांसमोर दोन लाकडी बाहुल्यांसारखे उभे राहिले. आईनं घाईघाईनं कॉफी आणि श्टोलन केक मांडला. मी खोका काढणार, तेवढ्यात दारालगतच्या बोळात कोट टांगता टांगता दोघांची गाठ पडलीच.

“तू मला तेव्हाच मारायला हवं होतंस!” काकांचा आवाज आला.

“मारू शकलो असतो! हात उचलला होता मी!”

“मग का आखडलास?”

“आजही मारीन! बघायचंय?”

“अहो, आधी केक खा!” आई ओरडली. “मारामारी नंतर!”

हे सगळं अगदी नेमक्या वेळी दाराबाहेर उभ्या असलेल्या शेजारच्या झेल्टमनबाईंनी ऐकलं. आमचा केकचा डबा परत करायला त्या आल्या होत्या. डबा पायरीवर ठेवून त्या पाय न वाजवता घरी गेल्या. अर्थात हे आम्हाला नंतर कळलं. खूप नंतर!

मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. काकांनी शेगडीजवळचा कोपरा धरला, बाबा त्यांच्यापासून जमेल तेवढे लांब बसले. मी नियम मोठ्यानं वाचून दाखवले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कारण नियम अर्धवट वाचलेला खेळ आमच्या घरात सुरूच होत नाही. मग मी दिवे घालवले. दिवे म्हणजे सगळे दिवे! खिडकीतल्या लाकडी कमानीवरच्या दिव्यांची वायरसुद्धा मी स्वतःच्या हातानं उपटली. उजेड नको म्हणजे नको. मी नेमकेपणाची भोक्ती आहे.

आता, आमच्या डोंगराळ गावात नाताळभर प्रत्येक खिडकीत अशी कमान पेटलेली असते. गल्लीतली एकच खिडकी अंधारी दिसली तर लोक टोपी काढून हळू आवाजात विचारतात, “कोण गेलं?” हे मला लहानपणापासून माहीत आहे. फक्त त्या क्षणी माझं डोकं खाणीत होतं.

खेळ सुरू झाला आणि काय सांगू! बाबा आणि काका काय खेळले! आई आणि मी एकमेकींना खुणा करून दमलो, पण त्या दोघांना खुणांचीही गरज नव्हती. बाबांनी नुसती भुवई हलवली की काकांचा कामगार डावीकडे वळायचा. काकांनी नाक ओढलं की बाबा चकती बदलायचे. न बोलता बोलण्याचा सहा वर्षांचा सराव होता त्यांना! दगड एकही पडला नव्हता.

तेवढ्यात एक कामगार घरंगळून टेबलाखाली गेला. काका त्याला शोधायला खाली वाकले, मग गुडघ्यांवर गेले, मग पूर्ण दिसेनासे झाले. आणि नेमक्या त्याच वेळी झेल्टमनबाई आत आल्या. आमच्या गावात दारं उघडीच असतात.

“कारोला? अगं, दिवे का घालवलेत?”

आईनं ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी शांतपणे पाच दगड उचलले आणि एकेक करून बोगद्यात ठेवले. टक, टक, टक, टक, टक.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी नियमावर बोट ठेवलं. ‘खोलीत उच्चारलेल्या प्रत्येक शब्दामागे.’ खेळाडूनं उच्चारलेल्या, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. बरोबर होतं त्यांचं!

“एकहार्ट कुठंय?” बाईंनी कापऱ्या आवाजात विचारलं.

टक, टक.

आईनं टेबलाखाली बोट दाखवलं.

“खाली? तळघरात?”

टक, टक. बाई एकदाच्या जाव्यात म्हणून आईनं जोरजोरात मान हलवली.

“देवा!” बाई म्हणाल्या आणि पळाल्या.

टक.

काका हातात कामगार घेऊन वर आले. त्यांनी दहा दगड बघितले, बाबांकडे बघितलं, नियमाकडे बघितलं आणि मान डोलावली. शंभर टक्के मान्य! मग बाबांनी, ऐका बरं का, काकांच्या पाठीवर हात थोपटला! आईनं रुमाल डोळ्यांना लावला. मला तर मनातल्या मनात टाळ्या ऐकू येत होत्या.

टाळ्या नव्हत्या, चर्चचा बँड होता. नाताळच्या संध्याकाळी ही मंडळी कर्णे आणि तुताऱ्या घेऊन दारोदारी वाजवत फिरतात. गल्लीच्या टोकापासून त्यांची उडती चाल जवळ येत होती. आमच्या फाटकाशी ती अचानक थांबली. बाहेर कुजबुज झाली. मग संथ, जड, हंबरल्यासारखी एक धून सुरू झाली. ही धून मी याआधी फक्त स्मशानाच्या फाटकाशी ऐकली होती.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. काकांनी दगडांची पिशवी उचलून भुवईनं विचारलं, याला किती? बाबांनी क्षणभर विचार करून नकारार्थी मान हलवली. बँडला शब्द नसतात. खेळ पुढे चालू!

मी उठून बघायला हवं होतं, हे मला आज कळतं. पण तीन कामगार बाहेर पडले होते, दोघेच राहिले होते आणि मेणबत्ती बोटभर उरली होती. अशा वेळी कोण उठतं?

दार उघडलं आणि आमच्या चर्चचे पास्टर ऊलिग आत आले. बाहेर कडाक्याची थंडी, आत शेगडी. दारात पाऊल टाकताच त्यांच्या चष्म्यावर दाट धुकं बसलं. गार काचेवर ओल्या गरम हवेचं असंच होतं, त्यात आश्चर्य काही नाही. त्यांना दिसत होती ती फक्त एक मेणबत्ती आणि तिच्याभोवती काही काळ्या आकृत्या.

“कारोला,” ते जड आवाजात म्हणाले, “झेल्टमनबाईंनी सगळं सांगितलंय.”

टक, टक, टक, टक.

“या कठीण प्रसंगी मी तुम्हाला काय सांगू? शब्द अपुरे पडतात.”

कुठले अपुरे! बाबा दोन्ही हातांनी दगड ठेवायला लागले. काका कोपऱ्यातून पिशवीतले दगड मुठीमुठीनं पुढे सरकवत होते. पास्टर प्रवचनाच्या लयीत आले की दर रविवारी निम्मं गाव पेंगतं. आज मात्र दोन भाऊ घामाघूम होऊन त्यांच्या प्रत्येक शब्दाच्या मागे धावत होते.

“एकहार्ट हट्टी होता,” पास्टर म्हणाले.

बाबांनी दगड ठेवता ठेवता जोरात मान डोलावली.

“चिकटही होता. चर्चच्या छपराला त्यानं एक खिळासुद्धा दिला नाही.”

काकांचा हात हवेतच थांबला. अंधारात त्यांचा जबडा खाली आलेला मला दिसला. माणसाला स्वतःचं शोकप्रवचन ऐकायची संधी क्वचित मिळते आणि ते असं निघावं!

“पण एक तुला माहीत नाही, गेर्नोट. दर नाताळात तो मला लाइपझिगहून फोन करायचा. विचारायचा, माझा भाऊ कसा आहे? त्याचा गुडघा दुखतो का अजून? आणि म्हणायचा, हे गेर्नोटला सांगू नका.”

टक टक थांबली.

बाबांच्या हातात दगड होता. तो त्यांनी ठेवलाच नाही. त्यांच्या आयुष्यात नियम मोडलेला मी हा दुसऱ्यांदा बघत होते. पहिली वेळ ती सोंगटी. खोलीत फक्त मेणबत्तीचा चर्रर्र आवाज आणि बाहेरचा हंबरडा.

“आता देवाला स्मरून सांग,” पास्टर म्हणाले, “पोलिसांना बोलावण्याआधी मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू त्याला मारलंस का?”

बाबांनी तोंड उघडलं. पटाकडे बघितलं. तोंड मिटलं. बोगद्यात एकच वाट मोकळी उरली होती!

आणि शेगडीजवळच्या अंधारातून गर्जना झाली.

“नाही मारलं त्यानं मला! तोच तर सगळा वाद आहे!”

पास्टर ऊलिग यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो शब्द होता की नाही यावर बाबा आणि काका यांचं अजून एकमत नाही. ते मागे सरकले, त्यांचा धक्का टेबलाला लागला, टेबलाचा पटाला, पटाचा मेणबत्तीला. खाण कोसळली. मिट्ट काळोख झाला आणि त्यात कामगार, दगड आणि एक पास्टर एकदमच जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

आईनं दिवा लावला. दारात झेल्टमनबाई हातात केकचा भलामोठा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे बँडवाले कर्णे छातीशी धरून. सगळे काकांकडे बघत होते.

“हा तर जिवंत आहे!” बाई म्हणाल्या. आनंद झाला होता की थोडी निराशा, ते मला नक्की सांगता येणार नाही.

“मी चिकट?” काकांनी पास्टरना विचारलं.

“गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलता येत नाही,” पास्टर चष्मा पुसत म्हणाले.

बाबा काकांकडे वळले. “दरवर्षी फोन करत होतास?”

“हवामान विचारायला केला होता.”

“पास्टरला?”

“त्याचा वरपर्यंत वशिला आहे.”

बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग आडवा पसरला आणि मग ते इतके मोठ्यानं हसले की बँडमधल्या एका पोरीच्या हातून तुतारी पडली. काकाही हसायला लागले. दोघे एकमेकांचे खांदे धरून हलत होते.

“नऊ शब्द, एकहार्ट,” बाबा डोळे पुसत म्हणाले. “नऊ दगड! आपण हरलो.”

“हरलो ते पास्टरमुळे!”

“ते मात्र खरं!”

एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत! आईनं सगळ्यांना आत घेतलं. सांत्वनासाठी आलेला झेल्टमनबाईंचा केक कापला, बँडनं उडती चाल वाजवली आणि मी जमिनीवरचे दगड गोळा करता करता मनात व्याख्यानाचा शेवट रचायला घेतला. निकाल अपेक्षित वाटेनं आला नसेल, पण आला होता!

पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, “गेर्नोट, तो जुना पट आहे का रे अजून?”

आईच्या हातातला चमचा पडला.

“काका!” मी म्हणाले. “फासा दिसला की जाणार होतात ना तुम्ही?”

“मेलेल्या माणसाला अटी नसतात,” काका म्हणाले.

पट आला. फासा आला. मारायची सक्ती आली. आई श्वास रोखून बसली. काही वेळानं व्हायचं तेच झालं: काकांची सोंगटी घराच्या तोंडाशी आणि बाबांचा फासा नेमका.

“मारू?” बाबांनी विचारलं.

“मार!”

“मारतो हं!”

“मार की रे, बाबा! सहा वर्षं वाट बघतोय!”

बाबांनी मारली. काकांनी उठून त्यांना मिठीच मारली. आई रडली. मीही थोडी रडले. खरं तर त्याच क्षणी खेळ बंद करायला हवा होता, पण माझी हिरवी सोंगटी फार चांगल्या जागी होती.

मग बाबांनी ती मारली.

“नियम आहे, तबेया,” ते म्हणाले.

मी दुसरी आणली. ती काकांनी मारली.

“सक्ती आहे, बाळा.”

“एकहार्ट, तिची ती मागची बघ.”

“बघितली, गेर्नोट. तू पुढची घे.”

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की दोघांनी मिळून तिसऱ्याला घेरणं हे खेळाच्या भावनेला धरून नाही. काका फासा हलवत नाहीत, नुसता सोडतात, आणि असा सोडलेला फासा पूर्ण फिरत नाही, हेही सांगितलं. पेन्सिलीनं आकृती काढून दाखवली. दोघांनी ती लक्षपूर्वक बघितली. मग काकांनी फासा सोडला, माझी शेवटची सोंगटी मारली आणि दोघे भाऊ एका सुरात म्हणाले,

“रागावू नकोस, गड्या!”

मी रागावले नाही. मी फक्त उठले, पट जरा जोरात बाजूला सारला, एका दमात बरंच काही बोलले आणि माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. दाराची वरची बिजागरी आधीपासूनच सैल होती.

काका नवीन वर्षापर्यंत राहिले. ते आणि बाबा आता रोज संध्याकाळी फोनवर तासभर बोलतात. आई म्हणते, थांबवावं लागतं. मी मात्र त्या दोघांशी बोलत नाही. काही सांगायचं असेल तर आईकडे निरोप देते. आणि यात पोरकटपणा आहे असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी एक लक्षात घ्यावं. ती हिरवी सोंगटी घराच्या अगदी दारात होती हो!